सुभद्राचा नंबर घेऊन राजूरपर्यंत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लिंबं पिळणं. खायची नव्हे, बियाण्याची. झाडाखाली पिकून पडलेली कागदी लिंबं घमेल्यात घ्यायची, आडवी कापायची, पिळून बिया काढायच्या, राखेत चोळून धुवायच्या आणि सावलीत पोत्यावर पसरायच्या. माझ्या बोटाला चीर पडलेली होती, रस झोंबत होता, म्हणून माझा हात हळू चालला होता. सुभद्रा म्हणाली, "पिळताय का गोंजारताय?" मी म्हणालो, "तू कर मग एकटी." ती म्हणाली, "करतेच हाय की." संध्याकाळी छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाली, आणि श्रीगोंद्याला नेईपर्यंत जीपमध्येच गेली. माघ चालू होता.

आमची लिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. रोपं मी वाढवायचो, गिऱ्हाईक ती सांभाळायची. बोर्डावर, कार्डावर, टेम्पोच्या मागच्या फळीवर सगळीकडे तिचाच मोबाईल नंबर. रोप नेलेला माणूस पुढं वर्षानुवर्षं फोन करायचा. पानं पिवळी पडली, फूल गळालं, डिंक सुटला, की लावला मावशीला फोन. ती आधी त्याच्या घरची चौकशी करायची, मग बागेची. मला वाटायचं किती वेळ घालवते. पण तेच गिऱ्हाईक पुन्हा यायचं, आणि येताना भाऊबंदाला घेऊन यायचं.

ती गेल्यावर फोन माझ्याकडे आला. गावातल्या आणि पाहुण्यातल्या लोकांना ती गेल्याचं ठाऊक होतं, सगळे दहाव्याला येऊन गेले. पण करमाळा, आष्टी, बार्शीकडचं गिऱ्हाईक, त्यांना कोण सांगणार? फोन वाजायचा. "मावशी हायत का?" मी म्हणायचो, "बाहेर गेलीय, संध्याकाळी करा." संध्याकाळी मी फोन उचलायचो नाही. मला ते तोंडानं सांगता येत नव्हतं. दुसरं कारण काही नाही.

मुलगा दत्ता पुण्याला कंपनीत आहे. त्याला सुनेकडून, म्हणजे वैशालीकडून, हे कळलं. ती आणि नातवंडं इथं गावी माझ्याजवळ असतात. दत्ता म्हणाला, "तात्या, हे असं चालायचं न्हाई. आपल्याला डिजिटल एक्स्पिरियन्स प्लॅटफॉर्म घ्यावा लागंल." मी म्हणालो, नीट सांग. तर त्याचा अर्थ असा, की गिऱ्हाईक वेबसाईटवर येवो, व्हॉट्सअॅपवर येवो नाहीतर फोन करो, त्याला सगळीकडे एकच दुकान दिसलं पाहिजे. त्यानं मागं काय नेलं, काय विचारलं, हे यंत्राच्या ध्यानात राहतं आणि यंत्रच उत्तर देतं. हे बसवून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांतली आपल्याला परवडणारी आणि टिकणारी निवडायची. आणि आईचा नंबर त्या यंत्रात द्यायचा. मग तो घरात वाजणार नाही.

दत्तानं दोन कंपन्या काढल्या, दोन्ही नगरच्या. त्याला रजा मिळेना. नर्सरी माझ्या नावावर, तेव्हा सही माझी. मी म्हणालो, मीच जातो. रोप घ्यायचं तर माणूस नर्सरीत जातो, नर्सरी त्याच्या घरी येत नाही. दत्तानं मला कशाला किती मार्क द्यायचे त्याचा तक्ता छापून दिला. मी चौथी शिकलेला. तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि सुभद्राचा फोन दुसऱ्या खिशात. आमच्या भागातले नर्सरीवाले आता मला विचारतात, कसं निवडलं, कोणाला काय विचारलं. म्हणून हे लिहिलं आहे.

नगर, सावेडी

गाड्यांच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण कंडक्टर नगर, नगर असंच ओरडतो. उन्हाळा होता. श्रीगोंद्यापासून नगरपर्यंत रान भाजून निघालेलं, कुठं उसाचा पट्टा आला तर तेवढाच हिरवा. सुभद्रा बरोबर असली की खिडकी तिला लागायची आणि रस्त्याकडेच्या सगळ्या बागांना नावं ठेवत यायची. "ह्यानं लई दाट लावल्यात." "ह्याच्या खोडाला चुनाच न्हाई." ह्या खेपेला खिडकीत मी बसलो. बागा होत्या, नावं ठेवणारं कोणी नव्हतं.

पहिली कंपनी मोठी होती. सावेडीत काचेची इमारत, आत गार हवा. एका मुलीनं बोटाएवढी पाण्याची बाटली आणून दिली. कौस्तुभ नावाचा पोरगेला माणूस होता, बोलायला गोड. त्यानं भिंतीएवढ्या पडद्यावर आमच्याच नर्सरीचं दुकान करून दाखवलं. फोटोत रोपं अशी चमकत होती, की माझी मला ओळखू येईनात.

तो म्हणाला, "काका, काहीही विचारा. आमची असिस्टंट उत्तर देईल."

मी म्हणालो, "लिंबाची पानं पिवळी पडाया लागल्यात."

पडद्यातली बाई लगेच बोलली. आवाज मधासारखा. "आपल्या झाडाची काळजी आम्हाला आहे. आपल्यासाठी हे खत उपयुक्त ठरेल." आणि खाली खताच्या पिशवीचं चित्र आलं, शेजारी विकत घ्यायचं बटण.

कौस्तुभ माझ्याकडे बघून हसला. मी म्हणालो, "हिनं पाणी किती देता हे इचारलंच न्हाई. पिवळं पडलेलं निम्मं झाड जास्ती पाण्यानं पडतं. खत घातलं तर मरंल."

तो म्हणाला, "ते शिकवता येईल तिला."

"आन् झाड मेल्यावर?"

"म्हणजे?"

मग मी त्याला समजावलं. रोप घेताना लोक पानं बघतात. शहाणं गिऱ्हाईक एवढंच विचारतं, की मेलं तर काय. आमच्याकडे शेकड्यावर चार-पाच रोपं वर देतात, मरतील त्यांच्या वाटणीची. त्याच्यावर मेली तर आम्ही जाऊन बघतो आणि बदलून देतो. "तुमचं हे मेलं, बंद पडलं, चुकीचं काही बोललं, तर तुमी काय करता? कोण येतं?"

कौस्तुभ म्हणाला, "कोणी यायची गरजच पडत नाही काका. पोर्टलवर तक्रार नोंदवायची, तक्रारीचा नंबर मिळतो. ठरलेल्या वेळेत उत्तर येतं."

"मग आधी ज्यांनी घेतलंय त्यांच्यापैकी कोणी भेटंल का? जाऊन बघतो."

त्यानं नावं दाखवली. बहुतेक मुंबईची, दोन तर परदेशातली. मी म्हणालो, परदेशात एसटी जात नाही. तो बिचारा हसला. माणूस वाईट नव्हता. निघताना त्यानं डब्यातलं सँडविच खायला लावलं. आत गार काकडी आणि गार बटाटा. गार बटाटा मला गिळवत नाही, पण खाल्लं. दाराशी येऊन तो म्हणाला, "काका, तुमचे जुने कस्टमर हीच तुमची खरी किंमत आहे. तो नंबर आम्हाला द्या, पुढचं आम्ही बघतो." सुभद्राचा फोन माझ्या खिशात होता. मी वरून हात ठेवला आणि जिना उतरलो.

मुक्काम केडगावला, सुभद्राच्या धाकट्या बहिणीकडे, शकुंतलाकडे. तिचा नवरा कारखान्यात रात्रपाळीला. तिनं पिठलं केलं. दोघी बहिणींच्या हाताला चव एकच. ताट पुढ्यात आलं आणि जेवण उतरेना. शकुंतला म्हणाली, "दाजी, मीठ जास्ती झालं का?" मी म्हणालो, "न्हाई. बरोबर झालंय." तीच तर अडचण होती.

नगर, जुनं गाव

दुसरी कंपनी म्हणजे कंपनी म्हणावी का हाच प्रश्न. पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानावर माडी, तिच्यात तीन टेबलं. खालून दिवसभर पत्रा ठोकायचा आवाज. मालक इरफान शेख, पस्तिशीचा, दाढी राखलेला. तो मला चाचा म्हणायला लागला. त्यानंही पडदा दाखवला, लहानसाच. मी तोच प्रश्न टाकला, पानं पिवळी पडल्यात.

त्याच्या यंत्रानं उत्तर लिहिलं: तुमचा प्रश्न आमच्या माणसाकडे दिला आहे, तो फोन करेल.

मी म्हणालो, "एवढंच?"

इरफान म्हणाला, "एवढंच, चाचा. रोप कवा मिळंल, कितीला मिळंल, टेम्पो कवा येईल, एवढं मशीन सांगंल. झाडाचं मशीनला काय कळतं? मलाच कळत न्हाई."

"मग तुजं मेलं तर?"

"मला फोन करा. न्हाई उचलला तर खाली पेटीवाल्या मामूंना करा, ते वर येऊन शिव्या घालत्यात."

मी विचारलं, तुझं घेतलेला माणूस दाखव. म्हणाला, राजूरला एक ताई आहेत, हातसडीचा तांदूळ आणि हिरडा विकतात, जा आणि काय विचारायचं ते विचारा. त्यांना मी आधी फोनसुद्धा करत नाही. हे मला बरं वाटलं.

दुपारी जेवायला घरीच नेलं, मागच्याच गल्लीत. त्याच्या आईनं डाळ-गोश्त आणि बाजरीची भाकरी वाढली. सुभद्रा गेल्यापासून मी मटणाला हात लावला नव्हता. म्हातारीनं विचारलं, "घरी कोण कोण असतंय?" मी सांगितलं. सुभद्राचं नाव आल्यावर थांबलो. तिनं ओळखलं. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि हातातलं ताट खाली ठेवून माझ्यासमोर फरशीवर बसली.

"कशी गेली? बोला, भाऊ."

आमच्याकडे दहावा, तेरावा होतो, तोवर माणसांची रीघ असते. नंतर तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही. का, तर मला त्रास होईल. ही बाई मला पहिल्यांदा भेटलेली, आणि ती विचारत होती, शेवटचं काय खाल्लं, शेवटचं काय बोलली, पाणी मागितलं का. म्हणाली, आमच्यात दुखवट्याचे चाळीस दिवस तर असतातच, पण चाळीस दिवसांत कुणाचं भागलंय? मी सगळं सांगितलं. ते लिंबं पिळणंसुद्धा. भाकरी गार झाली. तिनं दुसरी आणली.

हे लिहितो याचं कारण, की एवढं झाल्यावर मला इरफानचा राग येऊ नये असं वाटत होतं. पण पुढं झालं ते असं.

माडीवर परत आल्यावर तो म्हणाला, "चाचा, जुन्या गिऱ्हाइकाला तुमचा निरोप कसा दिसंल ते दावतो." त्यानं सुभद्राचा फोन मागितला. फोन त्याच्या यंत्राला जोडला आणि आतले नंबर घेतले. म्हणाला, नुसतं बघायला, जात कुठं नाही. निरोप माझ्याकडूनच लिहून घेतला. मावशी काय म्हणायची ते सांगा, म्हणाला. मी सांगितलं: राम राम. बागेला पाणी वेळेवर देताय ना? काही अडचण असली तर मला सांगा. सुभद्रामावशी.

त्यानं बटण दाबलं. मग पडद्याकडे बघतच राहिला. खाली पत्रा ठोकणं चालू होतं.

मी म्हणालो, "काय झालं?"

"चाचा," तो म्हणाला, "निरोप गेला."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

आधी मला कळलं नाही. मग कळलं. माघात गेलेल्या बाईनं चैत्रात सगळ्यांना राम राम घातला होता. तिच्या नंबरवरून, तिच्या नावानं, माझ्या शब्दांत. मी त्याला बोलायचं ते बोललो, ते इथं लिहीत नाही. फोन त्याच्या हातातून घेतला. फोन वाजायला लागला होता. तसाच वाजता खिशात घातला आणि केडगावची रिक्षा धरली.

शकुंतला उंबऱ्यात बसलेली. हातात तिचा मोबाईल. तोंड पांढरं. ती म्हणाली, "दाजी, अक्काचा मेसेज आलाय." आणि म्हणाली, "मी लिहिलं पण, हाय का गं तू म्हणून. मला ठावं हाय ती न्हाई. तरी लिहिलं."

मी तिच्याशेजारी बसलो. फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

दिवस मावळायच्या आत इरफान आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. केडगाव म्हणून तेवढं मी त्याच्याजवळ बोललो होतो. घर त्यानं विचारत विचारत काढलं. मोटरसायकल लांब लावून चालत आला. पायऱ्यांवर उभा राहिला. शकुंतलाला म्हणाला, "ताई, तो निरोप तुमच्या बहिणीचा न्हाई. चूक माझी हाय. घाईत बटण दाबलं. चाचांचं त्यात काय न्हाई."

शकुंतला म्हणाली, "मला एकदा वाटलं ती आली."

त्यानं मान खाली घातली. बस म्हणालो तरी बसला नाही. म्हणाला, "चाचा, काम देऊ नका. पण जितके फोन येतील त्यांना काय सांगायचं ते मला सांगा, मी एकेकाला फोन करतो. तुमी करू नका." मी म्हणालो, जा आता. तो गेला. कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि मग गाडी चालू केली.

तेवढ्यात दत्ताचा फोन. त्यालाही तो निरोप गेला होता. तो ओरडत नव्हता, हळू बोलत होता, म्हणजे चांगलाच पेटलेला होता. "तात्या, त्या माणसाचं नाव तक्त्यातनं काढा. सावेडीवाल्यांना हो म्हणून टाका."

मी म्हणालो, "उद्या राजूरला जाणार हाय."

"कशाला आता?"

"ठरलंय म्हणून."

राजूर

नगरहून संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर. आमच्याकडचं रान पाटासारखं सपाट. अकोल्याच्या पुढं डोंगर असे अंगावर येतात, की मान वर करून बघावं लागतं. उन्हाळ्यानं तेही तांबडे पडलेले, पण ओहोळाच्या कडेनं हिरड्याची झाडं गच्च होती. कडेला पोरी आणि म्हाताऱ्या पळसाच्या पानावर करवंदं घेऊन बसलेल्या. एक पान घेतलं. गोड होती. सुभद्रानं आंबट आहेत म्हणून भाव पाडला असता.

गाडीत फोन वाजला. पलीकडे करमाळ्याकडचा एक म्हातारा बागवाला. आवाजात आनंद. "मावशीला द्या. कालचा निरोप बघून बरं वाटलं. म्हटलं, आपली आठवण हाय."

माझ्या तोंडून नेहमीचंच गेलं, "बाहेर गेलीय."

"आवो, काल तर मेसेज आला. म्हंजी बऱ्या हायत ना? त्यांना म्हणावं, नातवाचं लगीन ठरलं. त्यांनीच म्हणलं हुतं, बागेला चौथं वरीस लागलं की जमंल."

मी म्हणालो, "सांगतो." आणि फोन बंद केला. म्हणजे पार बंद, बटण दाबून. ती गेल्यापासून तो फोन मी एकदाही बंद केला नव्हता.

राजूरला सखूताईंचं घर बाजारपेठेच्या वरच्या अंगाला. ठेंगणी, काळी, कडक बाई. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायकांचा तांदूळ, वरई, हिरडा आणि मध गोळा करतात आणि शहरात पाठवतात. मी कोण आणि का आलो ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "इरफाननं पाठवलं का? मग बसा. आधी जेवा, मग निंदा करू."

नाचणीची भाकरी, हातसडीचा भात आणि कसलीशी रानभाजी. भाताला असा वास, की नुसता खावा. आमच्याकडे भात सणाला. इथं भातावाचून जेवण नाही आणि ज्वारी सणाला.

जेवल्यावर त्यांनी मोबाईलवर सगळं दाखवलं. कुठली ऑर्डर आली, कुठली गेली, कोणाचा पत्ता चुकला. सगळं नीट. मी विचारलं, कधी बंद पडलं का?

"पडलं की. दिवाळीच्या तोंडाला. मला पत्ताच न्हवता. त्याचाच फोन आला, ताई, तुमचं बंद पडलंय आणि चूक माझी हाय. ऑर्डरी वहीवर लिहून घेतल्या त्यानं, इथं बसून. आमच्या कुत्र्यानं चावलं त्याला, तरी बसला."

मी कालची हकीकत सांगितली. सखूताई म्हणाल्या, "वाईट केलं."

"व्हय."

"घरी आला का सांगायला?"

"आला."

मी विचारलं, ह्याच्यात वाईट काय आहे, खरं सांगा.

"आधी दुपारी फोन यायचे. पुण्याची एक बाई, तिला तांदूळ शिजवता यायचा न्हाई. कितीदा सांगितलं तिला. पोरीसारखी झाली हुती. आता ती बटण दाबती, तांदूळ जातो. शिजवायचं कसं ते यंत्रात लिहून ठेवलंय. माल दुप्पट जातो, बाबा. खोटं बोलणार न्हाई. पण ती बाई बरी हाय का मेली, मला ठावं न्हाई. नंबर एकदा दिला की घरात वाजत न्हाई."

मी म्हणालो, "मग मी देऊ का?"

"ते मी कसं सांगू? माझा नंबर माझाच हुता. तुमचा तर तिचा हाय." मग म्हणाल्या, "इचारणाऱ्याला माणसाकडं धाडायचं, असं पण करता येतं त्याच्यात. म्या करून घेतलं न्हाई, कारण तवा मला कटकट वाटायची. तुमाला इचारलेलं चालंल का?"

"मला झाडाचं कळतं. माणसाचं तिला कळायचं."

"मग इचारून घ्यायचं," त्या म्हणाल्या. "लोक सांगत्यात."

निघताना त्यांनी तांदळाची पुडी हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

संगमनेरच्या स्टँडवरून मी माझ्या फोनवरून दत्ताला सांगितलं, की काम इरफानला द्यायचं.

दत्ता म्हणाला, "ज्यानं मेलेल्या आईच्या नावानं मेसेज घातला त्याला? तात्या, डोकं ठिकाणावर हाय का?"

मी म्हणालो, "दत्ता, आपली रोपं कधी मरतच न्हाईत का? आष्टीच्या माणसाची सगळी मेली हुती, आठवतंय? तुझी आई टेम्पोत बसून गेली आन् त्याच्या बायकोसमोर उभी राहिली. तो माणूस अजून आपल्याकडनंच नेतो. पान बघून निवडायचं तर सावेडी. मेल्यावर कोण दारात येतं ते बघायचं तर हाच."

तो म्हणाला, "आन् मार्कं?"

"तक्ता तूच भर."

तो म्हणाला, "तिचा नंबर जाईल. तुमाला चालंल का ते सांगा."

"न्हाई चालणार," मी म्हणालो. "पण मी रोज खोटं बोलतोय, ते त्याच्यापेक्षा वाईट हाय. आन् आता तर तेबी जमंना."

इरफानला फोन केला. काम तुझं म्हणालो. तो म्हणाला, "चाचा, परत विचार करा." मी दोन अटी घातल्या. झाडाचं विचारणारा प्रत्येक फोन यंत्रानं माझ्याकडे द्यायचा, त्यानं स्वतः उत्तर द्यायचं नाही. आणि त्याच्या यंत्रातून आमच्या नर्सरीचा यापुढचा पहिला निरोप मी सांगेन तो जाईल. त्यानंच एकेकाला फोन करायचे म्हटलं होतं, त्याला नको म्हणालो. ते त्यानं सांगायचं काम नव्हतं.

घरी

सकाळी उठलो, चहा घेतला आणि नर्सरीत सावलीच्या जाळीखाली खाटेवर बसलो. वैशालीला म्हणालो, ते आवाज भरायचं लाव. तिनं सुभद्राचा फोन चालू करून माझ्यासमोर धरला. मी काय बोलणार ते तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा राम राम म्हणालो आणि पुढं आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा नावापर्यंत आलो. वैशाली म्हणाली, "तात्या, मी सांगू का?" मी नको म्हणालो. तिसऱ्यांदा एका दमात बोललो.

"राम राम. मी सुभद्राचा नवरा बोलतोय. सुभद्रा माघात वारली. परवाचा निरोप तिचा न्हवता, चुकून गेला. ज्यांनी फोन केले त्यांना मी बाहेर गेलीय म्हणालो, ते खोटं हुतं. तिच्याबद्दल कुणाला काही सांगायचं असलं तर सांगा, मी ऐकतो. रोपं हायत. झाडाचं काय इचारायचं ते मला इचारा."

वैशाली तोंडाला पदर लावून उभी होती. म्हणाली, "परत ऐकायचंय का?"

"नको. इरफानला धाड, आन् म्हणावं, आता सगळ्यांना जाऊ दे."

आणि नळी उचलून मी वाफ्यावर पाणी धरलं. रोपं तापलेली होती. एक ओळ भिजली, दुसरी निम्मी भिजली असेल, तोवर मागं खाटेवर फोन वाजला. वैशालीनं नाव वाचलं. करमाळ्याचा तो म्हातारा होता, ज्याच्या नातवाचं लग्न ठरलं होतं.

"मी घेऊ?" ती म्हणाली.

मी नळी खाली ठेवली, धोतराला हात पुसले, खाटेपर्यंत गेलो आणि फोन घेतला. पलीकडे तो रडत होता. मी त्याला रडू दिलं. मग म्हणालो, "बोला."